जहाजाची डावी बाजू

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता या घरात माझ्याशिवाय कुणाला फारसा आठवत नसेल. मला मात्र हल्ली तो रोज ऐकू येतो, कारण मी एक लाकडी जहाज बनवतोय आणि ते काही केल्या सरळ होत नाही. रागात लिहायला बसलोय हे आधीच सांगतो. तुम्ही समोर असता तर यातलं एक वाक्यसुद्धा माझ्या तोंडून निघालं नसतं.

जहाज हातभर लांबीचं, शिडांचं. सगळे तुकडे खोक्यातून आलेत, ते जोडायचे. हा उद्योग माझा नाही, तुमच्या सुनेचा. तिला मागच्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, डावा हात मागं राहिला. बोटांना काम द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मणी ओवून ती कंटाळली, लोकरीचा गुंडा तिनं शेजारणीला देऊन टाकला. मग पुण्याहून आलेल्या मुलीनं मोबाइलवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. एका चित्रावर हिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, हे मागव. जुन्नरच्या घरात जहाज कशाला, असं मी विचारलं, तर दोघींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

काम ऐकायला सोपं आहे. मधोमध कणा, कण्याला आडव्या बरगड्या, आणि बरगड्यांवर दोन्ही अंगांनी पातळ पट्ट्या गोंदानं चिकटवत जायच्या. आमचं ठरलं होतं, उजवी बाजू माझी, डावी तिची. एक पट्टी मी लावायची, एक तिनं. पण तिच्या हातात पट्टी थरथरायची, निसटायची, गोंद पदराला लागायचा. एकेका पट्टीला अर्धी दुपार. मी जन्मभर पंपाच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरल्या, तांब्याची तार बोटांतून कशी सरसर जायची. मला ते बघवेना. मी तिच्या हातातली पट्टी घ्यायचो, तू नंतर कर म्हणायचो आणि माझ्या बाजूला लावून टाकायचो. अशी उजवी बाजू भरली. डावीकडं नुसत्या बरगड्या.

एका सकाळी जहाज उचलून पाठीमागून नजर लावली, तर कणा काकडीसारखा वाकलेला. गोंद वाळताना सगळ्या पट्ट्यांनी एकाच अंगाला ओढलं होतं. मी ते दोरीनं फळीला आवळलं, वर पाटा ठेवला, दोन दिवसांनी सोडलं. सोडल्याबरोबर पुन्हा वाकडं. पुन्हा आवळलं, तेव्हा एक बरगडी तुटली. ज्या हातांनी जळलेल्या मोटारी चालू केल्या, त्यांना हे खेळणं दाद देत नव्हतं. तिसऱ्यांदा मी दोरी भिरकावली आणि तुम्हाला बोललो. मनातल्या मनात, पण बोललो.

कारण दुसऱ्याच्या हातातलं काढून घ्यायची ही खोड तुमची आहे. धरणात जमीन गेली, आणि नांगर धरणारे तुम्ही घोडेगावाहून लाकूड आणून अंगणात होडी बांधायला बसलात. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. तुम्ही फळी ठोकताय, मी दुसरं टोक धरून उभा आहे. माझा हात जरा हलतो. तुम्ही वर न बघता फळी काढून घेता. "सोड. तुझ्या हातून वाकडं व्हतंय." एवढंच. मग ते टोक तुम्ही दगडाला टेकवता. दगड माझ्यापेक्षा बरा. पुढं कितीतरी वर्षं तुम्ही त्या होडीतून पाण्यापलीकडच्या वाड्यांतली माणसं नेली-आणली, आणि मी कितीदा मागूनही वल्हं माझ्या हाती आलं नाही. जुन्नरला येऊन मोटारींचं दुकान टाकलं, तेही बहुतेक त्याच रागात.

मागच्या महिन्यात तुटलेली बरगडी जोडताना मी हे सगळं हिच्यापुढं ओकलो. ती ऐकत होती, डाव्या हातात पट्टी धरून. वाटलं, आता माझी बाजू घेईल. तिनं आमच्या लग्नाच्या दिवसाची आठवण काढली. वऱ्हाड तुमच्याच होडीतून निघालं होतं. अर्ध्या पाण्यात ही नवी नवरी तुम्हाला म्हणाली होती, मामा, मला येईल का हे? आणि तुम्ही वल्हं तिच्या हातात दिलंत. नाना, ते मी कधी विसरलो नाही. बाशिंग बांधून समोर बसलो होतो आणि तिच्या हातातल्या वल्ह्याकडं बघत होतो. मला नाही दिलं, हिला दिलंत.

"तुमाला तेवढंच दिसलं," ती म्हणाली. "म्या होडी कुठल्या कुठं नेली, ध्यानात हाय का? सगळं वऱ्हाड चिखलातून चालत आलं. तुमची आत्या लई बोलली मला. पण मामांनी वल्हं परत मागितलं न्हाई."

मी म्हणालो, मग मलाच का नाही दिलं? तिनं हातातली पट्टी खाली ठेवली. म्हणाली, "त्यांनाच ठावं. पण माझ्या हातातली पट्टी तुमी वढता, ती काय मामा वढत न्हाईत."

मी गोंदाची बाटली बंद केली. मला वल्हं का नाही दिलं याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर तुम्ही ते घेऊन गेलात, आणि त्याचा राग आजही कमी झालेला नाही. सुनेला जे दिलंत ते पोराला द्यायला काय हरकत होती?

गरम पाण्याची फडकी ठेवून आम्ही उजवीकडच्या पट्ट्या सोडवल्या. बऱ्याच चिरल्या, मुलीनं नव्या मागवून दिल्या. आता एक डावीकडं, एक उजवीकडं. तिची झाल्याशिवाय माझी नाही. कणा बराचसा सरळ आलाय. पुरता नाही. मागच्या टोकाला अजून जरा कलतो, आणि तो कल माझ्या नजरेतून हलत नाही. तिला म्हटलं, पुन्हा सोडवू या का? ती म्हणाली, आता हात लावाल तर बघा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? कपाटात साड्यांखाली ठेवीन, तेही तिला सापडेलच. एक मात्र सांगतो. आज तिनं सबंध पट्टी एकटीनं लावली, दोनदा निसटली, आणि मी ओढून घेतली नाही. पण त्यात मोठेपणा काही नाही, नाना. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.