ब्लरमागची ताई

प्रिय ताई,

हे पत्र एकटी असशील तिथेच उघड. ऑफिसचा ड्रायव्हर तुझ्या हॉस्पिटलच्या बाजूला येतोय, त्याच्या हाती देतेय. फोनच केला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते, आणि आज मला सगळं धड सांगायचंय.

तुझी मुलाखत मी स्वतः एडिट केली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आमच्या चॅनेलमध्ये ब्लर हा शब्द दिवसभर नुसता उडत असतो. गाडीचा नंबर ब्लर कर, पोराचं तोंड ब्लर कर, मागची पाटी ब्लर कर. जेवणानंतर डोळे ब्लर होतात ते वेगळंच, आणि बातमी कुठली नि जाहिरात कुठली यातली रेघ ब्लर झालीय म्हणून आमचे संपादक गळा काढतात ते आणखी वेगळं. मला हा शब्द तूच शिकवलास. फळा दिसेना तेव्हा डॉक्टरांपुढे ब्लर दिसतं असं सांग, म्हणून पढवून नेलंस, आणि मी चष्म्याच्या भीतीने सगळं स्वच्छ दिसतं म्हणाले. केवढा धपाटा घातला होतास!

तर मुलाखत. तुझा चेहरा मी असा पुसलाय की नाक कुठे, डोळे कुठे, कळत नाही. आवाजही बदललाय. सलाइनच्या बाटल्यांवरच्या मुदत संपलेल्या तारखा स्पिरिटने पुसून नव्या कशा छापतात, हे सांगताना तू एकदाही अडखळली नाहीस. त्या सलाइनने दोन बाळंतिणी कशा गेल्या ते सांगताना मात्र गप्प झालीस. ती शांतता मी कापली नाही. मग ऑफिसातल्या चौघांना दाखवलं, ओळखा बघू कोण. कुणालाच ओळखता येईना. मी निर्धास्त! अगं, ज्यांनी तुला जन्मात पाहिलं नाही त्यांनाच विचारत होते. अक्कल गहाण टाकली होती माझी.

काल दुपारी घरीच लॅपटॉपवर शेवटचा हात फिरवत होते, आवाज बंद करून. आई चहा घेऊन आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, ताई किती वाळलीय गं, नीट जेवत नाही वाटतं. हिला मोतीबिंदू, डब्यात मीठ आहे की साखर ते चाखून बघावं लागतं, आणि हिने तुला ओळखलं! कशी म्हणून विचारलं तर म्हणे, मला तुम्ही दोघी हल्ली अशाच दिसता. मान कलती, बोलताना अंगठ्याने बोटं मोजणं, ताईच ती. मग सगळं सांगावं लागलं. ती जाऊन खिडकीत बसली.

आईने ओळखलं, तर अकरा वर्षं तुला रोज वॉर्डात बघणाऱ्या मोठ्या सिस्टर ओळखणार नाहीत? आणि तो अधीक्षक? तक्रार करणाऱ्या कंपाउंडरला त्याने कामावरून काढलंच, वर चोरीचा आळ घातला, हे तूच सांगितलंस.

आता खरं सांगते. हे सगळं कळूनही आज सकाळी मी कार्यक्रम पुढे पाठवला. तुला न विचारता. त्या दोन बाळंतिणींसाठी पाठवला असं स्वतःला समजावलं, पण माझं पहिलंच मोठं काम, तेही मनात होतंच. लाज वाटतेय लिहायला. संध्याकाळी सातला तो लागणार. पाचपर्यंत मला थांबवता येतो, मी फोनजवळच बसलेय. काढ म्हणालीस तर काढते, मग इथे माझं काय व्हायचं ते होवो. पण ठेव म्हणालीस, तर आणखी एक सांग. ओळखणारे तुला ओळखणारच आहेत, आणि तोंड पुसलेली बाई लोकांना चोरासारखी दिसते. चोरी तर त्यांनी केलीय. तुझा चेहरा झाकलेलाच ठेवू, की उघडा करू?

तुझीच,
भुणभुण