तिसऱ्या थरापर्यंत

३ जून
निश्चय. खाणीचा परवाना वाढवायचा तर निरीक्षकाने आत उतरून पाहायचं, असा नियम आहे. निरीक्षक मी. इतकी वर्षं वरच बसून सह्या केल्या, आता पुरे. बायकोला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

५ जून
खाणीवर गेलो. हेल्मेट घातलं. खाली नेणाऱ्या पिंजऱ्याजवळ पोचलो आणि गुडघ्यात कळ आली. मॅनेजरने लगेच खुर्ची दिली. माणूस लाघवी आहे. नकाशे बघितले. अनुभवी माणसाला नकाशावरून सगळं कळतं.

१२ जून
हाताखाली नवी निरीक्षक आली आहे. आमच्या मुलीएवढी. म्हणते, तिसऱ्या थरातले लाकडी टेकू कुजलेत अशी कामगारांची तक्रार आहे, परवान्याआधी बघायला हवं. तिला समजावलं, घाई बरी नव्हे. सोमवारी मी स्वतः जातो.

सोमवार
जाणारच होतो. पण मीटिंग निघाली. मीच बोलावली होती, त्यामुळे टाळता येईना.

१९ जून
आज पिंजऱ्यात एक पाय ठेवला. प्रगती आहे. पिंजरा हलला. आतली माणसं ताटकळली होती, त्यांच्या शिफ्टचा खोळंबा नको म्हणून पाय मागे घेतला. दुसऱ्याचा विचार करावा लागतो.

२४ जून
थकवा. मॅनेजरचा फोन आला: तीस वर्षं छत टिकलंय, आणखी एक वर्ष टिकेल. मुद्दा बिनतोड. सही केली. उतरायचं पुढच्या वर्षी नक्की.

२५ जून
पोरगी मला न विचारता खाली जाऊन आली. तोंड काळं, केसांत भुगा. टेबलासमोर उभी राहिली.
"सर, टेकूला नख लावलं तरी भुसा पडतो. माणसं वर आणलीत मी. सही मागे घ्या."
घेतली. माझंही मत तेच होतं.

२८ जून
काल तिसरा थर बसला. आत कुणी नव्हतं. वरिष्ठांना कळवलं, माझ्या मार्गदर्शनाखाली वेळीच कारवाई झाली.
दुपारी कामगार तिला भेटायला आले. केबिनमध्ये जागा उरली नाही, म्हणून मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारा कामगार टेकला. त्याने आपुलकीने विचारलं, तुमचा कसला परवाना अडकलाय?
"बाईंना भेटा," तो म्हणाला. "त्या स्वतः उतरून बघतात."
मी म्हणालो, हो, त्यासाठीच थांबलोय.