चार पोती उतरवल्यावर

तीर्थरूप दादा,
लेहवरून समर्थचा पाया पडून नमस्कार. मी बरा आहे, दोन वेळा गरम जेवतो.

परवा खिंडीच्या चढावर पिकअप दमली. नारायणगावच्या बाजाराची सवय, म्हणून कांद्याची चार पोती जास्तच भरली व्हती. मी रागानं रेस देत गेलो, तर नुसता काळा धूर. डिझेलला शिव्या घातल्या, फिल्टर साफ केला, तरी चढेना. मागून आलेला एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "गाडीत खोट नाही. इथं हवाच विरळ, इंजिनाला श्वास पुरत नाही. वजन उतरव, घाई करू नको." चार पोती त्याच्या गाडीत टाकली, तेव्हा कुठं पहिल्या गिअरवर निमूट चढली.

दादा, तेव्हा तुमीच डोळ्यांपुढं आलात. मळ्यातून घासाचं वझं घेऊन वर येताना तुमी तीनदा टेकायचा आणि मी मागून ओरडायचो, "चला की लवकर!" लई चुकलं माझं.

फोनवर तुमी "मला काय झालंय" म्हणून विषय तोडता, म्हणून लिहितोय. डॉक्टरांना छाती दाखवली का? आईपासून काही लपवू नका.

वझं मळ्यातच राहू द्या. रिकाम्या हातानं या, वाटेत बसावं वाटलं तर बसा. आता मागून कुणी ओरडणार नाही.

तुमचा,
समर्थ