चौपट गुरुत्वाकर्षण

चि. टिल्लूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. (पन्नाशीच्या माणसाला चिरंजीव म्हणताना हात अडखळतो, पण तुला कडेवर घेऊन फिरले आहे, त्याला इलाज नाही.) गुडघा काय म्हणतो? भावजयीला सांग, तिने दिलेलं मलम मला लागू पडलं. मी बरी आहे, म्हणजे शरीराने. अब्रूचं विचारू नकोस.

या सत्रापासून आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मायक्रोकंट्रोलर आला. म्हणजे काडेपेटीएवढा बोर्ड. त्याला वायरी जोडायच्या, संगणकावर प्रोग्रॅम लिहून त्यात भरायचा आणि तो आपलं ऐकतो. (मुलांचं ऐकतो.) शिकवणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. एकतीस वर्षं नोकरी करून मला यातलं ओ की ठो कळेना, म्हणून मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसले. जोडीला एक सतत स्वतःशी बोलणारी मुलगी, तिला सगळे पुटपुटी म्हणतात.

पहिला दिवस एका दिव्याची उघडझाप करण्यात गेला. संगणक म्हणे चूक बाराव्या ओळीत. ती ओळ मी सहा वेळा नव्याने लिहिली. चूक निघाली अकरावीत, शेवटी अर्धविराम नव्हता. (एवढं कळतं तर स्वतःच का घालत नाही मेला!) पुढच्या आठवड्यात प्रकाश मोजायचा होता. माझा हात नुसता जवळ गेला तरी आकडे नाचायचे. झालं, मी खडू उचलला आणि मानवी देहाच्या विद्युतगुणांवर दहा मिनिटं बोलले. सगळा वर्ग गोळा झाला. शिकवणारीने वाकून एक वायर अलगद उचलली. तिचं दुसरं टोक हवेत लोंबकळत होतं, कुठेच जोडलेलं नव्हतं. कोणी हसलं नाही रे. हसले असते तर बरं झालं असतं. मी पर्स उचलून निघाले, तर पुटपुटी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, "मॅडम, माझी वही तुम्ही चुका काढून चारदा परत केली होती. मी गेले होते का उठून?" बसले.

काल लोलक होता. गोळा झुलताना प्रकाश अडवतो, बोर्ड मोजतो, आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण काढायचं. ते यायला हवं नऊ पूर्णांक आठ दशांश. प्रत्येक बाकावर आलं एकोणचाळीस! प्रोग्रॅम तोच, शिकवणारीने दिलेला. ती बिचारी घामाघूम, प्रत्येक ओळ तपासतेय. मी मात्र गोळ्याकडे बघत होते. जाताना एकदा, येताना एकदा. बोर्ड एका झोक्याचे दोन मोजत होता! वेळ निम्मा, म्हणून उत्तर चौपट. मी हळूच तिच्या कानात सांगितलं. (खडू उचलला नाही, ही माझी प्रगती.) पण तीच सगळ्यांना ओरडून म्हणाली, "मॅडमना सापडलं!" टिल्लू, या वयात कान गरम होतात हे मला माहीत नव्हतं.

तुझी,
ताई

ता.क. शिकवणारी पुढच्या महिन्यापासून बाळंतपणाच्या रजेवर जातेय. कोर्स मी घेईन असं मी सर्वांसमक्ष बोलून बसले आहे. तू कारखान्यात असल्याच बोर्डांवरची यंत्रं चालवतोस. आठवडाभर येऊन शिकवशील का?

ता.क. २. येण्याआधी एक सांगायला हवं. लहानपणी रेडिओ उघडलास म्हणून तू बाबांचा मार खाल्लास. तो आदल्या दिवशी माझ्या हातून पडून बिघडला होता. तू दुरुस्त करत होतास, हे मला तेव्हाही माहीत होतं.