कारण सांग

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पेन हातात घेतलं की तुमचा आवाज येतो. म्हणून हल्ली मी पेन्सिल घेते. पेपरातलं सुडोकू तुम्ही थेट बॉलपेनने भरायचात, आणि कोड्यातल्या एकेका घराच्या कोपऱ्यात संभाव्य आकडे बारीक मांडून ठेवणाऱ्यांना लंगडे म्हणायचात. अजून दिसतं, ठाकुर्लीच्या घरी रविवारची सकाळ आहे. तुमचे कल्याणचे मित्र आलेत, मी चहाचे कप ठेवते आणि तुमच्या खांद्यावरून डोकावून म्हणते, "अप्पा, इथे सात येईल." तुमचं पेन थांबतं. "कारण सांग." मला सात दिसत असतो, पण कारण काही केल्या ओठावर येत नाही. "तुक्का!" तुम्ही मित्राकडे वळता. "जन्मभर लोकांच्या पोरांना गणित शिकवलं रे, आणि घरात निपजली ही तुक्केबाज!" दारात उभी असलेली आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसते. थोड्या वेळाने तिथे सातच आला. माझ्याकडे न बघता तुम्ही तो लिहिलात. पुढे मला बघायला आलेल्या मंडळींसमोर, माझ्या हातात पोह्यांच्या बशा असताना, तुम्ही हसत हसत सांगितलंत, "मुलगी साधी आहे, फक्त डोकं तुक्क्यावर चालतं." ते लोक पुन्हा आले नाहीत. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. मला अजून वाटतं.

तुमच्या तेराव्याला लाडू वाढताना मनात आलं, आता या घरात कारण विचारणारं कुणी उरलं नाही. इतकं बरं वाटलं, की हसू दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. बायका कुजबुजल्या, "पोर खचली गं." खचले नव्हते, अप्पा.

आणि आता एक गोष्ट मी तुम्हाला दुखवायलाच सांगते. तुमचं सुडोकू सोपं होतं. मी शिकतेय त्यात तुटक रेषांचे पिंजरे असतात आणि प्रत्येक पिंजऱ्याची बेरीज तेवढी दिलेली असते. कुठे थर्मामीटर काढलेला असतो, त्याच्या गोळ्यापासून आकडे चढत जायला हवेत. पहिल्याच दिवशी दहाच्या पिंजऱ्यात मी पाच आणि पाच लिहिले, एकाच ओळीत शेजारी शेजारी. तुम्ही असतात तर अख्ख्या डोंबिवलीला सांगितलं असतंत. मग कळलं, की कुठल्याही ओळीत एक ते नऊ येणार, म्हणजे बेरीज पंचेचाळीसच. ती ओळ व्यापणाऱ्या पिंजऱ्यांची मिळून एकोणपन्नास होत असेल, तर ओळीबाहेर डोकावणारं एकुलतं घर चारचं. चार! कारणासकट! मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. मोबाईलवर ज्या माणसाचं बघून मी शिकते, तो कोपऱ्यात बारीक आकडे लिहितो, चुकला की स्वतःच हसतो, आणि तुमच्यापेक्षा फार हुशार आहे.

काल ठरवलं, पुस्तकातलं एक अवघड कोडं पुरतं सोडवायचं, एकही तुक्का न मारता. म्हणजे तुम्ही खोटे ठराल आणि विषय संपेल. प्रत्येक आकड्याचं कारण मी मोठ्याने सांगत होते. नवरा आत आला. "कुणाशी बोलतेस?"

"अप्पांशी."

"बोल बोल. पण दूध उतू चाललंय बघ."

गॅस बंद केला, ओटा पुसला, पुन्हा बसले. शेवटी एका घरात अडले. तीन की आठ? तेवढं कळलं की बाकीचं आपोआप भरणार होतं. कारण असणारच, ते शोधून शोधून डोळे दुखायला लागले. मग सगळं भरलं आणि मागच्या पानावरचं उत्तर पाहिलं. एकूण एक बरोबर.

"सुटलं?" नवऱ्याने विचारलं.

"सुटलं. सगळं कारणासकट."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणी वाचायचं नाही, म्हणून लिहिते. तो आठ तुक्का होता, अप्पा. आज सकाळपासून पुन्हा तेच पान उघडून बसलेय आणि कारण अजून सापडलेलं नाही.