रान पेटवायचं नाही

सौ. कावेरी हिस,
फुजैऱ्याहून बाबाजीची खुशाली. मी वेळेवर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

रानमोडीचं तण माजलं म्हणून देवराईच्या कडेला आग लावायचं गावात ठरतंय, हे तू फोनवर सांगितलंस आणि माझं डोकंच फिरलं. मागच्या वणव्यात तिथली ऐनाची, किंजळीची रोपं जळाली आणि पावसात सगळ्यात आधी वर आली ती रानमोडीच. सगळ्यांनी बघितलंय ना ते?

इथे आखातातही तसंच. डोंगरातल्या कोरड्या नदीत आम्ही बाहेरून आलेली वेडी बाभूळ तोडतो. ती इथल्या गाफच्या झाडांचं पाणी पळवते. गाफ म्हणजे आपली शमीच.

परवा सुपरवायझर म्हणाला, "यल्ला, ढीग जाळून टाका, खलास!" वारा सुटला होता. मी म्हटलं, "साहेब, गाफ पेटेल. मी काडी लावणार नाही." तो ओरडायला लागला, तसा मी ढिगापुढे जाऊन उभा राहिलो. बरोबरच्या विघ्नेशनेही माचिस खिशात टाकली. शेवटी ढीग ट्रकमधून गेला आणि मुळं आम्ही कुदळीने खणून काढली.

त्यावरून मला दुसऱ्या साइटवर पाठवलंय. ऊन जरा जास्त आहे, एवढंच. आईला सांगू नकोस.

तूही हटू नकोस. बायकांना घेऊन देवराईच्या वाटेवर उभी राहा. रानमोडी मुळासकट उपटायला लागा. कोणी अडवलं तर नवऱ्याचं नाव सांगू नकोस. रान आमचंही आहे, असं सांग.

तुझाच,
बाबाजी