उजवीकडचा मीटर

१२ जुलै २०२५

तीनशे अकरा युनिट! मागच्या महिन्यात चव्वेचाळीस, ह्या महिन्यात तीनशे अकरा. बिल हातात धरून मी ललितकडे पाहिलं. हा आमच्या वीज सहकारी संस्थेचा मीटर रीडर. गालात मावा धरून म्हणतो, "तात्या, मीटर दावतो ते मी टिपतो. युनिट काय मी घरून आनतो का?" आणि किक मारून गेला!

सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली मी. केसाएवढा फरक असला तरी नग बाजूला. मला हा मीटर शिकवणार.

१४ जुलै

संस्थेच्या कचेरीत गेलो. चेअरमन पुंजाअण्णा खुर्चीत मांडी घालून पेपर वाचत होते. म्हटलं, मी सभासद आहे, म्हणजे मालक आहे. मालकाला उत्तर द्या.

"मालक तर समदेच हाय तात्या. पन वीज जाळली की मोजावी लागती ना!"

मग मला युनिट समजावून सांगायला बसले — मला! हजार वॅटचं काहीही तासभर चालवलं की एक युनिट. शंभर युनिटच्या आत दर कमी, पुढे चढत जातो. हे त्यांना कुणीतरी परवाच सांगितलं असावं, इतक्या कौतुकाने सांगत होते.

आमच्या घरात उधळपट्टी नाही. मागच्या वार्षिक सभेत मीच माझं बिल सगळ्यांना फिरवून दाखवलं होतं. फ्रिज आहे, गिझर आहे, पाण्याची मोटर आहे, तरी चव्वेचाळीस युनिट! काटकसर याला म्हणतात. त्याच सभेत कुसाबाई उठली. ही माझ्या धाकट्या भावाची, सहादूची बायको. आमची घरं एका भिंतीची, पण बोलणं नाही. "आमच्याकडं दोन दिवे न् एक पंखा. अन् बिल दोनशे युनिटचं कसं येतं? कोनीतरी येऊन तपासा." मी बसल्या जागेवरून म्हणालो, "पंखा कमी फिरवा." सभा हसली. चिवड्याच्या प्लेटी आल्या तरी हसत होती. तिचा अर्ज टेबलावरच राहिला. बरंच झालं. जाळायचं आणि वर रडायचं!

१५ जुलै

आजपासून रोज सकाळी सातला मीट‍रचं रीडिंग मी स्वतः लिहिणार. ह्या बिनडोकांच्या भरवशावर राहायचं नाही.

रीडिंग १४०२.

१६ जुलै

१४१२. एका दिवसात दहा युनिट. माझ्या घरात!

१८ जुलै

आज परीक्षा घेतली. घरातला मेन स्विच पाडला. पंखे बंद, फ्रिज बंद. माझी बायको रोहिणी स्वयंपाकघरातून ओरडली, मिक्सरमध्ये चटणी अर्धी राहिली म्हणून. ओरडू दे. बाहेर गेलो. सामायिक भिंतीवर दोन मीटर शेजारी शेजारी आहेत. उजवीकडचा माझा, डावीकडचा सहादूचा, खाली रंगाने नावं. वीज वापरली जाते तसा मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो. माझ्या घरात सगळं बंद, आणि माझ्या मीटरचा दिवा लुकलुकतोय! पाच मिनिटं उभा राहिलो. थांबायचं नाव नाही.

म्हणजे चोरी. माझ्या मीटरमागून कुणीतरी वायर जोडली आहे. आणि कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

२० जुलै

भिंतीपलीकडून घुर्र घुर्र ऐकू येते. सकाळी, दुपारी, जेवताना. कुसाबाईने घरगुती पिठाची गिरणी घेतलेली दिसते. गावाचं दळण माझ्या विजेवर! डोकं चालवलं म्हणायचं. सहादूला एवढं सुचणं शक्य नाही. तो जन्मभर खडी क्रशरवर पाट्या उचलणारा. पूर्वी संध्याकाळी ओट्यावर बसून खोकत असायचा. महिनाभर दिसला नाही. तोंड लपवत असेल.

रोहिणी ताट वाढताना म्हणाली, "अहो, भाऊजींचं जरा—" मी हात वर केला. पाण्याच्या टाकीच्या वाटणीवरून बिनसलं त्याला आठ वर्षं झाली. त्या घराचा विषय ह्या घरात निघायचा नाही, हे तेव्हाच ठरलंय. ती ताट ठेवून आत गेली. डोळ्यांत पाणी. तिला त्याची सवयच आहे.

२२ जुलै

१४७३. दळा, दळा!

२४ जुलै

लेखी तक्रार दिली. तीन पानं. मीटर नाशिकहून माणूस आणून तपासावा आणि वीजचोरीचा पंचनामा करावा. पुंजाअण्णांनी चष्मा काढला. "तात्या, सख्ख्या भावावर पंचनामा?" म्हटलं, वीजचोरावर. "तपासनारा यायला पंधरा-वीस दिवस लागतील." अर्थात. ह्यांना चहा प्यायलाच तेवढे लागतात. तोवर ललित शनिवारी अकराला येऊन वायर बघेल म्हणाले.

२६ जुलै

आजचं लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

अकराचे साडेअकरा झाले, ललित आला नाही. मग मीच करायचं ठरवलं. माझ्या मीटरखालचा फ्यूज काढला की माझं घर बंद होणार. कुसाबाईने मागून वायर जोडली असेल तर तिची गिरणीही बंद होणार. रंगेहाथ सापडणार!

फ्यूज ओढला. खिडकीतून आत पाहिलं. माझा पंखा फिरत होता. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मी फ्यूज हातात धरून त्या पंख्याकडे बघत राहिलो. मला काही समजेना.

पलीकडची घुर्र मात्र थांबली होती. आणि लगेच आवाज आला — "लाईट गेली! कुसा, सिलिंडर कुठंय?"

रोहिणीचा आवाज. माझ्या बायकोचा, सहादूच्या घरातून.

"सातपूरला भरायला दिलंय वो वैनी! आता काय करू!"

फ्यूज परत बसेना. दोनदा हातातून खाली पडला. तिसऱ्यांदा बसला. घुर्र सुरू झाली. मी आत गेलो, आठ वर्षांनी.

गिरणी नव्हती. खाटेजवळ पांढरी पेटी, तिच्यावर पाण्याची बाटली बुडबुडत होती. पेटीतून निघालेली नळी सहादूच्या नाकात. त्याचे ओठ निळे पडले होते. केवढासा झालाय तो! कुसाबाई त्याची पाठ चोळत होती. रोहिणीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांना फ्यूजची काजळी लागली होती, तिथे पाहिलं. ती बोलायला आली होती तेव्हा मी हात वर केला होता.

२७ जुलै

क्रशरची धूळ छातीत बसली आहे. डॉक्टरांनी जूनमध्ये हे मशीन लावायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन काढतं. बंद करायचं नाही, रात्रंदिवस चालतं. साडेतीनशे वॅट, चोवीस तास. साडेआठ युनिट. दिवे-पंख्याचे दीड. दहा!

गणित इतकं सोपं होतं. आणि मी पुंजाअण्णांना हसत होतो.

दीड महिना रोहिणी रोज, मी झोपलो किंवा बाहेर असलो की, मागच्या दाराने पलीकडे जाते. सबंध गावाला माहीत. मला सांगायची कुणाची छाती झाली नाही. माझा दरारा! थू.

२९ जुलै

ललितने दोन्ही घरांचे स्विच पाडून पाहिलं. पाच मिनिटांत उलगडा. डावा मीटर माझ्या घराचा, उजवा सहादूच्या. नावं उलटी. तो मावा थुंकून म्हणाला, "तात्या, फ्रिज, गिझर, मोटर अन् चव्वेचाळीस युनिट — तुमाला कवा शंका नाय आली?"

मग कचेरीतून दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म आणला. तेव्हा नवे मीटर बसवले. वायरमनने माझा डावीकडे जोडला होता. मी अडून बसलो — थोरल्याचा वाटा उजवीकडे, तर मीटरही उजवीकडेच पाहिजे. तो म्हणाला, परत वायर ओढावी लागेल. मी म्हटलं, ओढ. शेवटी त्याने वैतागून वायर तशाच ठेवल्या आणि खालची नावं पुसून उलटी रंगवली. मी खुर्ची टाकून समोर बसलो होतो, पण बघितली ती फक्त नावं. फॉर्मवर "तपासून घेतले" असं छापलंय, त्याखाली सही. माझी. वळणदार.

माझा गिझर, माझी मोटर दोन वर्षं सहादूने भरली. ती धूळ खाऊन. आणि मी सभेत बिल नाचवलं. कारखान्यात गेजला दोन टोकं असतात. नग जाड असला तरी बाद, बारीक असला तरी बाद. तीनशे अकरा आलं तेव्हा मी कचेरी डोक्यावर घेतली. चव्वेचाळीस येत होतं तेव्हा मीटर तपासावा असं एकदाही वाटलं नाही. हलकट माणूस!

३० जुलै

पुंजाअण्णांना जाऊन सांगितलं, कुसाबाईचा अर्ज खरा होता, सभेत तसं जाहीर करा, वीजचोर मी आहे. म्हणाले, "व्हतं असं तात्या. चहा घ्या." ह्या माणसाला धड शिवीसुद्धा देता येत नाही.

१ ऑगस्ट

नावं बदलायच्या अर्जावर दोन्ही सभासदांच्या सह्या लागतात. कागद घेऊन गेलो. काय बोलावं ते घोकून गेलो होतो, त्यातलं काही आलं नाही. "सहादू, मी लय वाईट वागलो," एवढंच.

तो बराच वेळ दम घेत राहिला. मग म्हणाला, "दादा... राहू दे की... उलटंच. आता आमचंच जास्त येतंय. तुझाच तोटा." आणि हसला! हसता हसता खोकला.

कुसाबाई हसली नाही. "दोन वर्सं आमी भरलं. आता दादा भरतील." बरोबर बोलली. ह्या सगळ्या गावात एकच माणूस सरळ बोलणारं, आणि त्याच माणसाला मी सभेत गप्प बसवलं.

अर्ज घडी करून खिशात ठेवला. सही केली नाही. उजवा माझ्याच नावावर.

७ ऑगस्ट

१६३५. दहा युनिट. सकाळी उठलो की चहाच्या आधी भिंतीपाशी जातो. दिवा लुकलुकताना दिसला की मग चूळ भरतो.

११ ऑगस्ट

दुपारी वीज गेली. पावणेदोन तास. ऑक्सिजनचं सिलिंडर मी लावलं, आता येतं मला. संस्थेला फोन केला तर ललित म्हणतो, "झाड पडलंय, बघतो." बघतो म्हणे! पुंजाअण्णांच्या घरी जाऊन आरडाओरडा केला. त्यांच्याकडे इन्व्हर्टर. पंख्याखाली कलिंगड खात बसले होते मालक.

१२ ऑगस्ट

१६८५. आज सहादूने टाकीचा विषय काढला. म्हणाला, "ती टाकी गळती दादा. कशाला भांडलो आपन?" खरं आहे. पहिल्यापासून गळते.

१४ ऑगस्ट

१७०७. अकरा. सहादूचा घसा कोरडा पडतो म्हणून पंखा कमी ठेवायला सांगितलंय डॉक्टरांनी. मी उठून पंखा कमी केला. कुसाबाई माझ्याकडे बघत होती. तिला सभा आठवली असणार. मला तर आठवलीच.

१९ ऑगस्ट

सहादू गेल्याला आज तिसरा दिवस. रीडिंग १७४०. कालपासून एक युनिट.

ओट्यावर माणसं बसलेली असताना नाशिकचा मीटर तपासणारा उगवला. माझ्या तक्रारीवरून! बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. उजव्या मीटरच्या दिव्याकडे बराच वेळ बघत राहिला. "काका, मीटर पळतो अशी तक्रार आहे ना तुमची? हा तर जेमतेम चालतोय. बाद करून टाकू का?"

म्हटलं, नको. मीटर बरोबर आहे.